आधी त्याचं सांग

अक्का कुजबुजल्या तरी बंगळूरच्या शिवाजीनगर स्टँडवरचे कंडक्टर तोंडातली शिट्टी काढून ठेवत, असं मी पुण्याच्या मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. त्यांनी अक्कांना ऐकलेलं नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पहाटे त्या खाली दूधवाल्याची चौकशी करत आणि थेट शहराबाहेर आनेकलच्या म्हशी उठून उभ्या राहत.

घरापुढे अक्कांच्या सासऱ्यांनी बांधलेला दगडी कट्टा होता. संध्याकाळी त्यावर निम्मं बंगळूर बसे, उरलेलं निम्मं जागेसाठी ताटकळे. अक्कांची कॉफी फुकट होती, पण भांडायचं तर नियम होता. "स्वल्प थांब. आधी त्याचं सांग. तो 'हो, असंच' म्हणाला की मग तुझं." गाडी लावण्यावरून मी एकदा शेजाऱ्याशी भांडायला उतरलो. त्याची बाजू त्याला पटेल अशी सांगता सांगता माझा राग कपातल्या कॉफीसारखा निवून गेला. वर साय धरली.

मग वॉर्डात नागरिकांची ज्युरी बसली. रहिवाशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली. त्यांनी इंजिनिअरांचं ऐकायचं, एकमेकांशी बोलायचं आणि ठरवायचं की पावसाळी नाला रुंद करायचा की नाही. केला तर आमच्या वरच्या गल्लीतल्या घरांचा पुढचा भाग जाणार. नाही केला तर खालच्या गल्लीत पाणी शिरत राहणार. ज्युरी सांगेल तसं करू, असं वॉर्ड ऑफिसने कबूल केलं होतं.

चिठ्ठीत अक्कांचं नाव निघालं आणि आमची गल्ली निर्धास्त झाली. अक्का एकदा ओरडल्या की नालाच घाबरून वळण घेईल, अशी सगळ्यांची खात्री. थर्मास धरायला मी बरोबर जायचो.

पहिल्याच बैठकीत अक्कांनी कट्ट्याचा नियम तिथे लावला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मॅनेजरला समोरच्याचं म्हणणं सांगताना असा घाम फुटला की नाला तिथूनच वाहणार असं वाटलं. मग अक्कांची पाळी आली. समोर खालच्या गल्लीतला रिक्षावाला मुनियप्पा.

"पाणी आलं की याला आईला उचलून माळ्यावर चढवावं लागतं," अक्का दणक्यात म्हणाल्या. "गाद्या कुजतात, रिक्षा बंद पडते. बरोबर?"

"राहिलं, अक्का."

"काय राहिलं?"

मुनियप्पा जमिनीकडे बघत म्हणाला, "आभाळ भरलं की आई जेवत नाही. चढवताना मला जड होईल म्हणून."

नियम म्हणजे नियम. अक्कांनी ते वाक्य तसंच परत म्हटलं. पण इतक्या हळू, की पहिल्यांदाच लोकांना कान पुढे करावे लागले.

"सरी, असंच," मुनियप्पा म्हणाला. "आता तुमचं सांगा, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे हात केला. मी कॉफी ओतली. तो कप त्यांनी मुनियप्पापुढे सरकवला. "माझं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या.

नाला रुंद करायचं ठरलं. कट्टा गेला, पुढची खोलीही गेली. तो दगड फोडताना मशीनचे दात पडले, असं मी सगळ्यांना सांगतो. अक्का लेकीकडे पुण्याला गेल्या. आता पहाटे मला गजर लावावा लागतो आणि तो मला ऐकू येत नाही.

परवा आभाळ भरून आलं. मी त्यांना फोन केला. "अक्का, मुनियप्पाची आई आज दोनदा भात मागून जेवली म्हणे." मग धीर करून म्हणालो, "परत या ना."

"आधी माझं सांग."

"तुमचे गुडघे. नातीची शाळा. लेक तुम्हाला एकटं सोडत नाही. बरोबर?"

"राहिलं."

"काय राहिलं, अक्का?"

त्या इतक्या हळू बोलल्या की फोन मला कानात खुपसावा लागला. "कट्ट्याशिवाय ते घर मला बघवणार नाही रे."

मी ते वाक्य तसंच परत म्हटलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "आता तुझं सांग."

माझंही काही उरलं नव्हतं.