तार निघेपर्यंत

आमच्या घरातल्या सगळ्यांच्या दातांचा डॉक्टर पुण्यात होता. राहायचं लीड्समध्ये आणि दात दाखवायला जायचं पुण्याला, यात आम्हाला कधी काही विचित्र वाटलं नाही. इथल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांची हीच रीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलं की पहिल्याच आठवड्यात माझ्या मावसभावाच्या दवाखान्यात हजेरी लावायची. मी त्याला दादा म्हणते, माझी लेक दातमामा म्हणते.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचे दात इथे सरकारी खर्चाने बघतात हे मला ठाऊक होतं. मी स्वतः सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पण फुकटचं ते यथातथाच असणार, हे आमच्या मंडळींच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की स्वतः त्याच यंत्रणेत राबूनही निघत नाही. लेक लहान असताना मी जवळच्या एका दवाखान्यात फोन केला होता. 'सध्या नवीन पेशंट घेत नाही' असं त्यांनी सांगितलं, माझं डोकं फिरलं आणि पुन्हा मी फोन केला नाही.

पुण्यालाच जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. लेक जशी मोठी होत गेली तसं तिचं पुण्याला यायचं मन कमी होत गेलं. उकाडा, डास, कोणी मैत्रीण नाही, आणि सगळे तिच्या मराठीला हसतात. 'पण दात दाखवायला जावंच लागतं ना,' म्हटलं की मात्र ती बॅग भरायला घ्यायची. वर्षातले ते काही आठवडे ती माझ्याबरोबर असायची. त्यासाठी मी दातांचा आधार घेत होते आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

ती चौदा वर्षांची असताना एका शनिवारी शाळेच्या नेटबॉलच्या मॅचमध्ये दुसऱ्या मुलीचं डोकं तिच्या तोंडावर आदळलं. मी कडेला कागदी कपातला चहा घेऊन उभी होते. तिने ओठावरचा हात काढला तेव्हा वरचा पुढचा दात जागेवर नव्हता, तो कोर्टावर पडला होता. रोज रक्ताच्या नळ्या हाताळणारी मी, पण लेकीच्या तोंडातलं रक्त पाहून हातातला कप टाकून धावत सुटले. नवरा कार्डिफच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, सुट्टी मिळाली तरच घरी येतो. त्या दिवशी तो ड्यूटीवर होता आणि फोन उचलत नव्हता.

म्हणून मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आजूबाजूचे पालक माझ्याकडे बघत राहिले, बाई वेडी झाली की काय म्हणून.

"दात कुठाय?" दादाने पहिला प्रश्न हाच विचारला. "मुळाला हात लावू नकोस. वरच्या भागाला धर. घासू नकोस, दुधात नुसता बुडवून काढ आणि जागेवर बसव."

"मी बसवू?"

"मग कोण, मी येऊ? जितका वेळ घालवशील तितका दात मरेल. बसव."

चहाच्या टेबलावर दूध होतं. मी दात त्यात बुडवला. लेक रडत म्हणाली, "आई, डोन्ट, प्लीज, खूप हर्ट होतंय." मी तिचा ओठ वर केला आणि दात त्या भोकात दाबला. तो आत सरकताना माझ्या बोटांना जे जाणवलं ते मी कुणालाही सांगू शकलेले नाही. मग तिला रुमाल चावून धरायला सांगितला आणि गाडीत बसवलं.

हॉस्पिटलमध्ये रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं, "तिचा नेहमीचा डेंटिस्ट कोण?"

"पुण्यात आहे," मी म्हणाले.

"ते यॉर्कच्या बाजूला आहे का?"

त्याही अवस्थेत मला हसू आलं. लेकीला आलं नाही. ती माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली होती.

तिथल्या दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी फोटो काढले, दात बरोबर बसलाय म्हणाल्या आणि तो शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून टाकला. दोन आठवडे तार, तोवर सगळं मऊ खायचं. नंतर त्या दाताचं रूट कॅनाल, आणि पुढे बराच काळ तपासणी. अपघाताचा दात आहे, वय लहान आहे, तेव्हा हे सगळं आम्हीच इथे करू, असं त्यांनी सांगितलं. दात टिकेल का, असं मी विचारलं. "आशा चांगली आहे. तार काढल्यावर तो किती हलतो ते बघू," त्या म्हणाल्या. त्या सगळं माझ्या लेकीकडे बघून बोलत होत्या. उत्तरं मात्र मी देत होते.

त्यानंतरचे ते दिवस मला नीट आठवतात, कारण फार दिवसांनी आमच्या घरात आवाज होता. एरवी ती शाळेतून आली की थेट वर, खोलीचं दार बंद. जेवण वर, फोनवरचं हसणंही वर. मी खाली टीव्ही लावून बसायची, बघायची नाही. इथे आल्यापासून एकटेपणाची सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. ती कधीच झाली नाही. नवरा फोनवर विचारतो, "सगळं ओके ना?" आणि मी ओके म्हणते.

तोंडात तार असताना तिला शाळेबाहेर मैत्रिणींसमोर जायचं नव्हतं. ओठ सुजलेला, बोलताना थुंकी उडायची. पहिल्या संध्याकाळी ती खाली आली आणि म्हणाली, "आई, तो लहानपणीचा भात कर ना. यलो पावडरवाला."

मेतकूट! पुण्याहून आणलेलं मेतकूट कपाटात मागे पडलं होतं. मी गुरगुट्या भात केला, वर तूप आणि मेतकूट घातलं. ती ओट्यापाशी उभी राहूनच खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी खिमट, मग लापशी, मग पुन्हा भात. लॅबमधून घरी यायची मला घाई होऊ लागली. ती खाता खाता शाळेतलं सांगायची, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. "ती मुलगी ना, जिचा डोकं लागला मला, ती रोज सॉरी म्हणते. इट्स सो ऑकवर्ड." एरवी मी टोकलं असतं. या वेळी एक शब्द सुधारला नाही.

दात जगावा म्हणून मी रोज देवापुढे हात जोडत होते. आणि तार एवढ्यात निघू नये असंही मला वाटत होतं. दोन्ही मनापासून.

तार काढायच्या दिवशी निघण्याआधी मी तांदूळ धुऊन ठेवले. डॉक्टर दारात आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "आईला आत बोलवू की तू एकटी येतेस?" मी पर्स उचलून उभीसुद्धा राहिले होते.

"आय'म फाइन. आई, तू बस," ती म्हणाली.

मी बसले. भिंतीवर ब्रश घेतलेल्या मगरीचं चित्र होतं. समोर एक बाई तिच्या लहान मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि मला तिचा भयंकर हेवा वाटला.

ती बाहेर आली ती हसतच. सगळे दात दाखवून हसली. "अजिबात हलत नाही! डॉक्टर म्हणाली, ज्यानी बसवला त्यानी परफेक्ट बसवला. मी सांगितलं, माझ्या आईनी." मला तिथेच रडू आलं आणि ती म्हणाली, "आई, नॉट हिअर."

गाडीकडे जाताना तिने फोनवर पुढच्या तारखा दाखवल्या. रूट कॅनाल उरकलं की दाताची तपासणी, ती नेमकी आमच्या पुण्याच्या आठवड्यांत.

"आपण बदलून घेऊ," मी म्हणाले.

"का? त्यांनी विचारलं, मी ओके म्हटलं. मी बाबाकडे कार्डिफला राहीन आणि तपासणीला ट्रेननी इथे येईन. आता माझी डेंटिस्ट इथेच आहे ना."

इतकी वर्षं मीच तिला सांगत आले होते की जिथे डेंटिस्ट असतो तिथे जावंच लागतं.

तिला मैत्रिणींकडे जायचं होतं, पिझ्झा खायला. मी तिला गावात सोडलं. "हळू चाव," म्हटलं. तिने मान डोलवली आणि मागे न बघता गेली.

घरी येऊन मी भात लावला, सवयीने दोघींपुरता. कुकरची शिट्टी होते न होते तोच दादाचा फोन आला.

"काय म्हणतोय आपला दात?"

"पक्का बसलाय."

"शाब्बास! या सुट्टीत मला बघायचाय तो. दोघींची वेळ एकदमच ठेवतो, नेहमीसारखी सकाळची."

"एकीचीच ठेव, दादा," मी म्हणाले.