मिसळणाच्या डब्यातली राज्यं

नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत होते. बंगळुरात सगळ्यांचाच हिशेबाचा गोंधळ चालला होता. बसचा कंडक्टर नव्या पैशांत भाडं सांगायचा, लोक आण्यांत ऐकायचे, आणि दोघंही आपण फसलो असं समजून एकमेकांकडे पाहायचे. आईचा नव्या नाण्यांवर विश्वास नव्हता आणि जुनी कुणी घेईना. शेवटी तिने घरातल्या चौकोनी दुअन्न्या, नक्षीदार कडेचे आणे आणि दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, खेळ यांच्याशी. तोवर मी खेळायला बाहेर जात नाही ही तिची कायमची तक्रार झालेली होती.

आमच्या घरात बोलण्याचं काम आई एकटी करायची. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि यंत्रांच्या आवाजामुळे त्यांची बोलायची सवय गेली असं आई म्हणे. माझ्या बाबतीत तिला असं कारण सापडत नव्हतं. नन लोकांच्या इंग्रजी शाळेत मी वहीत उत्तम इंग्रजी लिहायची. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कानडी. बोलायची वेळ आली की वाक्य मनात एका भाषेतून दुसरीत नेता नेता समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

हा दोष फक्त एका जागी उपयोगी पडला, आणि ती जागा चिकपेटेच्या जुन्या बाजारात होती.

तिथे एका मोडीच्या दुकानात आई जुनी तांब्याची भांडी देऊन स्टीलची घ्यायची. ती तराजूच्या काट्यावर डोळा ठेवून उभी असे आणि मी मोडीच्या ढिगाकडे बघत असे. फुटक्या घंगाळांखाली, समयांच्या मोडक्या पायांत जुनी तांब्याची नाणी पडलेली असत. दुकानदाराच्या लेखी ती मोडच होती. मी एकदा एक उचलून त्याला दाखवलं. तो कानडीत म्हणाला, आठ आणे. नवे पैसे येऊन वर्षं लोटली तरी भाव आण्यांतच चालायचे. मला त्याला विचारायचं होतं की हे नाणं कुठलं आहे. मी वाक्य जुळवू लागले. मराठीतून इंग्रजीत नेलं, इंग्रजीतून कानडीत आणत होते, तेवढ्यात तो म्हणाला, सहा. क्रियापदापाशी मी अडले. तो म्हणाला, बरं, चार. वाक्य पुरं झालं तेव्हा भाव इतका उतरला होता की बोलून तो बिघडवण्यात अर्थ नव्हता. मी पैसे दिले आणि ते नाणं घेऊन घरी आले. ती मराठ्यांची शिवराई निघाली. नागरी अक्षरं अर्धी झिजलेली, पण माझी.

पुढे आईने मला दुकानात मराठीत हाक मारली तेव्हा तो हसला. तोही मराठीच निघाला. त्याचे कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. त्याची मराठी कानडीच्या चालीवर चालायची. आता भाषांतराचं निमित्त उरलं नाही, तरी मी गप्पच राहिले. एकदा बराच वेळ एकट्यानेच भाव उतरवत उतरवत तो थकला आणि म्हणाला, "अक्का, तुमच्याएवढी घासाघीस करणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही बघा. स्वल्प तोंडानं तरी करा की."

पैसे थोडे असल्यामुळे मी एक नियम केला होता : एका राज्याचं एकच नाणं. त्याने खर्च आटोक्यात राहिला आणि संग्रहात विविधता आली, जशी पंगतीत एकेक चमचा वाढला की ताट भरल्यासारखं दिसतं. म्हैसूरचा हत्ती, मराठ्यांची शिवराई, कंपनी सरकारचा तराजू, निजामाचा चारमिनार, त्रावणकोरचं नखाएवढं चांदीचं चक्रम, आणि डच व्यापाऱ्यांचं एक नाणं, जे इतक्या लांबून येऊन चिकपेटेत समईच्या तेलात बुडालेलं होतं. ही सगळी राज्यं मी आईच्या टाकून दिलेल्या मिसळणाच्या डब्यात ठेवली. मोहरीच्या वाटीत म्हैसूर, जिऱ्याच्या वाटीत मराठे, हळदीच्या वाटीत कंपनी. कंपनीच्या नाण्याला शेवटपर्यंत हळदीचा वास येत राहिला. मधल्या सातव्या वाटीत माझा सगळ्यांत मोठा ऐवज होता.

तो एक जाड, काळाकुट्ट गोल तुकडा होता. नीट पाहिलं तर चौथऱ्यावर एक फूल दिसायचं आणि फुलावर तीन नाग डोलत असलेले. खाली काळेपणात बुजलेली अक्षरं होती. त्या दिवशी दुकानदार दोन रुपयांवरून उतरत एका रुपयावर अडला आणि पुढे माझ्या गप्प बसण्याला दाद देईना. मी रुपया दिला आणि तो महिनाभर कॉलेजला चालत गेले. लायब्ररीतल्या कुठल्याही पुस्तकात तीन नागांचं राजघराणं सापडलं नाही. त्यामुळे माझी खात्रीच पटली की ते अजून कुणाला माहीत नाही. आमच्या इतिहासाच्या बाईंनी तो तुकडा भिंगातून पाहिला आणि "इंटरेस्टिंग" एवढंच म्हणाल्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला एवढा शब्द वर्षभर पुरतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला पुण्याहून आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण. या वेळी ती मला न्यायला आली होती. परीक्षा झाली की मला तिच्या घरी पाठवायचं, तिच्या घरात माणसांची सतत ये-जा असते, वर्षभरात पोरगी बोलू लागेल आणि मग पुढचं जमेल, असं तिचं नि आईचं पत्रांतून ठरलं होतं. मला इथेच राहून एम.ए. करायचं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला माहीतही नव्हतं. शेजारच्या कानडी बाईंनी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तिळगूळ, आणून दिलं, आईने तिळगूळ वाटला. मी आत्याच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हटलं, तर ती म्हणाली, "गोड राहू दे. तू नुसतं बोल."

नेमकं त्याच आठवड्यात इतिहासाच्या बाईंनी कॉलेजातल्या संग्रहांच्या प्रदर्शनात माझ्या नाण्यांना एक टेबल दिलं. अट अशी की टेबलापाशी उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायची. जेवताना मी हे एका वाक्यात सांगितलं आणि दुसऱ्या वाक्यात एम.ए.चंही सांगून टाकलं. आई वाढायची थांबली. आत्या म्हणाली की ही परक्या माणसांपुढे उभी राहणार असेल तर तिथे खांबही उभे असतात. बाबांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली आणि निकाल दिला : प्रदर्शनात ही लोकांशी बोलली तर इथेच शिकेल, नाहीतर ताईबरोबर पुण्याला. कारखान्यात यंत्राची चाचणी घेतात त्यातलाच प्रकार, पण त्यांच्या दृष्टीने तो न्याय होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी आले तर व्हरांड्यात उन्हात परात होती आणि परातीत माझी सगळी राज्यं लखलखत होती. आत्या सकाळी हिंग शोधता शोधता त्या डब्यापर्यंत पोचली होती. चिंच, मीठ आणि रांगोळी घेऊन तिने एकेक नाणं देवाच्या उपकरणीसारखं घासलं होतं. जुनी नाणी कधी घासायची नसतात, त्यांच्यावरचा काळेपणा हेच त्यांचं वय, हे मी घरात कधी बोलले नव्हते. आत्या हात पुसत म्हणाली, "हिरवा गंज चढला होता गं सगळ्यांवर. उद्या चार लोक बघायला येणार. घराची काही अब्रू आहे की नाही?"

मी काही बोलले नाही. या वेळी त्याचा काही उपयोग झाला नाही. आत्या चिकपेटेची नव्हती.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "यातलं एक तर सोन्याचं निघालं."

माझं तीन नागांचं राजघराणं तिच्या तळहातावर पिवळंधमक चमकत होतं. चौथरा म्हणजे बशी होती. फूल म्हणजे कप होता. आणि तीन नाग म्हणजे कपातून निघणारी वाफ. खाली स्वच्छ कानडी अक्षरांत 'काफी' लिहिलं होतं. गल्ल्यावर पैसे देऊन घ्यायचा आणि वाढप्याला द्यायचा तो कुठल्याशा जुन्या हॉटेलचा पितळी बिल्ला होता. आत्याला कानडी वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

मी त्याच्यासाठी लिहिलेलं कार्ड फाडलं आणि बिल्ला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन आत्या बाबांबरोबर नि माझ्याबरोबर बसमध्ये बसली. हॉलमध्ये एका बाजूला तिकिटांचा संग्रह होता, एका बाजूला शंखशिंपले. मी टेबलावर चादर पसरून डब्याचं झाकण काढलं तर मधल्या वाटीत बिल्ला. आत्या कानात कुजबुजली की सोन्याचं तेवढंच घरी विसरली होतीस, मी आणलं. मी तो उचलणार एवढ्यात बाईंच्या मागून पाहुणे आत आले आणि माझे हात चादरीची सुरकुती काढत राहिले.

पहिलेच गृहस्थ म्हैसुरी पागोटं आणि कोट घातलेले, वयस्क. त्यांनी डब्यात पाहिलं आणि इंग्रजीत अदबीने विचारलं, ही नाणी अलीकडे पाडलेली आहेत का? इतकी नवी दिसतात म्हणून विचारलं. बाबा दूर शंखशिंपल्यांपाशी उभे होते आणि एकाच शिंपल्याकडे फार वेळ बघत होते. मी वाक्य जुळवू लागले. तेवढ्यात आत्या पुढे झाली. घराची अब्रू तिला उघड्यावर पडलेली दिसली असावी.

तिने पुणेरी हिंदीत माहिती द्यायला सुरुवात केली. म्हैसूरच्या हत्तीवर बोट ठेवून ती म्हणाली की ये हमारे पेशवे का हाथी है, इसपर बैठके पेशवे इधर बंगलोर लेने कू आये थे. मी ते गिळलं. कंपनीचा तराजू तिने पुण्यातल्या सोनारांच्या नावावर केला. तेही गिळलं. चारमिनार पाहून ती क्षणभर थांबली आणि मग तो शनिवारवाड्याचा दरवाजा झाला. भोवती आणखी माणसं गोळा होत होती. शेवटी तिने मधल्या वाटीकडे हात केला. हे सबसे पुराना, पूरा सोने का, रामराज्य का. गृहस्थ वाकले. त्यांनी कोटाच्या खिशातून चष्म्याची डबी काढली, चष्मा काढला, आणि रुमालाने काचा पुसू लागले. चष्मा नाकावर चढला की ते कानडी अक्षरं वाचणार होते.

"आत्या," मी म्हणाले, "तो कॉफीचा बिल्ला आहे."

हॉलमध्ये माझा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. शिंपल्यांपाशी बाबा वळले. मी तेच इंग्रजीत सांगितलं आणि गृहस्थांच्या पत्नीचा चेहरा कोरा दिसला म्हणून कानडीतही. एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं आत ठेवणं अशक्य झालं. हत्ती म्हैसूरचा, तराजू कंपनीचा, चारमिनार हैदराबादचा, आणि सगळी एवढी चमकतात कारण माझ्या आत्याने काल ती चिंचेने घासली, जे जुन्या नाण्यांना कुणीही, कधीही, कुठल्याही सणाला करू नये. भाषांतराला वेळच मिळाला नाही.

गृहस्थांनी चष्मा लावला, बिल्ला हातात घेतला आणि हसू लागले. विद्यार्थी असताना ते असाच बिल्ला देऊन त्याच हॉटेलात रोज कॉफी प्यायचे. ते केव्हाच बंद पडलं होतं. त्यांनी पत्नीला दाखवला, पत्नीने शेजारणीला. मग दुपारभर तिकिटं नि शंख सोडून लोक कॉफीच्या बिल्ल्याभोवती उभे राहिले, आणि कुठल्या हॉटेलची कॉफी कशी होती यावर वाद घालत बसले. शिवराईकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी मात्र घसा बसेपर्यंत बोलत होते.

बसमध्ये आत्या डबा माझ्या मांडीवर ठेवून पुढच्या बाकावर जाऊन बसली. घरात पाऊल ठेवताच तिने बाबांना सांगितलं, "हिला मी नेणार नाही. चार लोकांत वडीलधाऱ्यांना खोटं पाडते. माझ्या घरात बोलणारी मी एक पुरे."

"म्हणजे शिकू दे?" बाबांनी विचारलं.

"शिकू दे. असल्या तोंडाला मास्तरकीच बरी."

आईने आनंदाने कॉफी केली. आत्याने ती बशीत ओतून घेतली आणि माझ्याकडे न बघता प्यायली.

पुढच्या शनिवारी मी चिकपेटेत गेले आणि कॉफीचा बिल्ला मला नाणं म्हणून का विकला, असं दुकानदाराला सरळ विचारलं. तो तराजू खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "मी कधी नाणं म्हटलं, अक्का? तुम्ही बोट दाखवलं, मी किंमत सांगितली. तुम्ही विचारलंच नाही की."

मग मी ढिगातून कोचीनचं एक नाणं उचललं आणि भाव कमी करायला सांगितलं. तो नाही म्हणाला. मी कारणं दिली, त्याने त्याची दिली. दोघांनाही फार बरं वाटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तोंडाने घासाघीस केली, आणि पहिल्यांदाच त्याने सांगितलेल्या किमतीला नाणं घेऊन घरी आले.