तात्यांचं नाक आणि जर्मनीतलं डिझेल

परदेशवारीचे किस्से लोणच्यासारखे, बरणीत राहिले की मुरतात! आमच्या साखर कारखान्याचा जर्मनी दौरा झाला बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. पण नगरला चारजण जमले की अजून बरणी उघडतेच.

दौऱ्यावर आम्ही तिघे. चेअरमन अण्णा, मिरजगावकडचे डायरेक्टर तात्या आणि कारखान्याचा इंजिनीयर म्हणून मी. साखरेचं नवं यंत्र बघायचं होतं. विरोधी मंडळी गावभर बोंबलत होती, "यंत्र कसलं, सहलीला निघालेत!" यंत्रवाल्यांनी भेटीला एकच सकाळ दिली होती. ती चुकली, की पुढच्या जनरल मीटिंगला अण्णांची खुर्ची गेलीच म्हणून समजा.

*

भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी दोन किल्ल्या पुढे ठेवल्या. एक पेट्रोलच्या गाडीची, एक डिझेलच्या गाडीची. डिझेलवर चालणारी मोटार आम्ही जन्मात पाहिली नव्हती!

"चेअरमननं डिझेलवर हिंडायचं? लोक म्हनतील, अण्णा ट्रॉलीत बसून आला!" अण्णा पेट्रोलवर अडून बसले.

पण बाईंनी डिझेलची गाडी सुरू केली आणि तिची धडधड ऐकून तात्या विरघळलेच. "आरं, हे तर माझं हिरीवरचं इंजिन! अण्णा, घरी आल्यागत वाटतंय हो!"

अण्णांनी एका अटीवर होकार दिला. गावात कुणी बोलायचं नाही!

*

गाडी निघणार, तर नारळ नको? जर्मनीत नारळ कुठला मिळायला! तात्यांनी खुणा करून लिंबू मागितलं. बाई बिचाऱ्या चहाबरोबरची लिंबाची चकती घेऊन आल्या, बशीत! तात्यांनी ती चाकाखाली ठेवली. बाईंनी उचलून पुन्हा बशीत ठेवली. असं बराच वेळ चाललं.

शेवटी अण्णांनी चकती खाऊन टाकली. "झाली पूजा. चला!"

*

स्टिअरिंग माझ्याकडे. सवयीनं मी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं काढली. समोरून हॉर्नवर हॉर्न! मी गाडी उजवीकडे ओढतोय, आणि अण्णा खिडकीतून सगळ्यांना नमस्कार करतायत.

"काय मानसं हायती! लई मान देत्यात!"

*

टाकी उतरायला लागली. आमच्याकडे तेव्हा रॉकेलच्या भेसळीचा धाक एवढा, की तळहातावर चोळून वास घेतल्याशिवाय कुणी डिझेल भरून घेत नसे. तात्यांनी तिथंही तेच केलं. पंपवाला बघतच राहिला.

"न्हाई. हे घ्यायचं न्हाई."

"का हो तात्या?"

"रॉकेलचा वासच न्हाई! इतकं चोख कुठं असतंय व्हय? ह्यात लई मोठा घोटाळा हाय!"

पुढच्या पंपावर तेच. त्याच्या पुढच्यावरही! मी कपाळ बडवून घेतलं, पण अण्णांचा निकाल ठरलेला. "इंजिनीयर, तात्याचं नाक तालुक्यात कुनी खोटं पाडलं न्हाई."

*

ऐन भेटीच्या सकाळी गाडी शेतांमधल्या रस्त्यावर आचके देऊन बंद पडली. अण्णांचा चेहरा उतरला. "गेली खुर्ची," एवढंच म्हणाले. मला त्यांची खरंच दया आली.

तेवढ्यात साखरेच्या बिटाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. शेतकरी भला माणूस. रिकामी टाकी बघून त्यानं आपला डिझेलचा कॅन काढला. तात्यांनी तळहात पुढे केला, चोळला, हुंगला.

"ह्यालाबी न्हाई!"

शेतकऱ्यानं कॅन परत ठेवला आणि दोरखंड काढला. मोटार ट्रॉलीमागे बांधली. मी स्टिअरिंगवर, तात्या ट्रॅक्टरवर आणि फेटा बांधलेले अण्णा बिटाच्या ढिगावर!

भेटीच्या वेळेला यंत्रवाल्यांच्या गेटवर अशी आमची वरात पोचली. स्वागताला फोटोग्राफर उभाच होता.

*

तो फोटो जनरल मीटिंगमध्ये हातोहात फिरला. विरोधकांचा पुढारी तो नाचवत उठला. "सहल न्हाई म्हंता, मग ही मोटार कसली?"

अण्णा सावकाश उभे राहिले. "भाड्यानं घेतली की! पर नीट बघा. मोटार मागं, अन् चेअरमन ट्रॉलीत!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. खुर्ची वाचली!

पुढारी काही बसेना. "पर मोटार बांधून का न्ह्यावी लागली?"

अण्णांनी नुसतं तात्यांकडे बघितलं. तात्या उठले, माईक जवळ ओढला आणि भरसभेत म्हणाले,

"त्या लोकांना भेसळ करायची अक्कलच न्हाई!"