झुबेदाचाचीचं ग्राफिक्स कार्ड

झुबेदा फणसोपकर राजिवड्यात कपडे शिवायची. माप घेताना बाईच्या पोटाविषयी तोंडावर खरं बोलायची, तरी गिऱ्हाइकं टिकून होती, कारण शिवण पक्की. वय अठ्ठावन्न. नवरा वारलेला, एकुलता यासीन कुवेतला. जाताना तो आपला २००१ सालचा कॉम्प्युटर आईच्या ताब्यात देऊन म्हणाला होता, "अम्मी, फक्त धूळ पुसत जा." धूळ पुसता पुसता चाचीला त्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम सापडला.

माळनाक्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो कीबोर्ड बदलायला. बाणाची चारही बटणं झिजून गुळगुळीत झाली होती. या बाईने जन्मात सायकल चालवली नव्हती. नवऱ्याचा टेम्पो होता, पण त्याने तिला कधी हॉर्नसुद्धा वाजवू दिला नाही. आता ती ताशी दोनशेने सुटायची आणि मध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याच्या खानदानाचा उद्धार करायची. फ्रॉक न्यायला आलेल्या बायका शर्यत संपेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. मध्ये बोललं, तर फ्रॉक आणखी आठवडाभर लांबायचा.

२००५ साली यासीनने एका ओळखीच्याबरोबर नव्या गेमची सीडी पाठवली. गेम सुरूच होईना. चाचीने मला बोलावलं.

"याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल," मी म्हणालो. "पण चाची, मशीन म्हातारं झालंय. नवीनच घ्या."

"म्हातारं झालं म्हणून टाकायचं? मग तुझ्या आजोबांना अजून का ठेवलंयस?"

आजोबांना टाकायचा विषय आमच्या घरात निघाला नव्हता असं नाही.

तिने कुवेतला फोन केला. महिन्याभरात कार्ड आलं. खोक्यावर हातात तलवार घेतलेली एक बाई होती, अंगावर चिलखताचे तीन तुकडे. चाचीने चष्मा लावून तिला नीट न्याहाळलं.

"शिवणाऱ्याला कापड कमी पडलं वाटतं," ती म्हणाली आणि खोकं पालथं ठेवलं.

मी कॅबिनेट उघडून कार्ड बसवायला घेतलं. बसेना. मी तीन महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केलेला माणूस, त्यामुळे जरा जोर लावला. मग आणखी जोर लावला. बोर्ड कुरकुरला.

"थांब मेल्या," चाची म्हणाली. "ब्लाउज अंगात जात नाही म्हणून कोणी हात कापतं काय? माप चुकलंय."

तिने मला बाजूला सारलं, शिवणयंत्राची बत्ती आत वळवली आणि कार्डाची कड खाचेशेजारी धरून दाखवली. तिचंच खरं होतं. यासीनने अगदी नवं कार्ड पाठवलं होतं, त्याची खाच वेगळी. आमच्या बोर्डावर जुनी एजीपीची खाच होती. हे मला खोक्यावर वाचूनच कळायला हवं होतं, पण मीही चित्रच बघत बसलो होतो.

चाचीने वर्तमानपत्राचा कागद आत धरून त्या खाचेचं पेन्सिलीने माप काढलं, मधल्या दांडीसकट, आणि बाहीचा नमुना कापावा तसा तो कापून घेतला. कागदावर एजीपी हे नाव मी लिहून दिलं. तेवढंच माझं योगदान. पुढच्या आठवड्यात तिला डोंगरीला बहिणीकडे जायचंच होतं.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात सहा दुकानं फिरली, असं तिने परत आल्यावर सांगितलं. पाच जण कागद बघून हसले. सहावा हसला नाही. त्याने जपून ठेवलेलं एक एजीपी कार्ड काढलं, चाचीने ते कागदावर ठेवून खाचा जुळवल्या आणि कुवेतच्या कार्डाशी अदलाबदल केली.

या वेळी बसवलं तिनेच. कार्डाचा पंखा हार्ड डिस्कच्या वायरीच्या चपट्या पट्टीला घासत होता. तिने पट्टी मागे ओढून काळ्या दोऱ्याने बांधली. स्क्रू शिवणयंत्राच्या पेचकसाने आवळला. मी फक्त ड्रायव्हरची सीडी घातली आणि कोर्स केल्यासारखा चेहरा ठेवला.

गेम सुरू झाला. पडद्यावर ओला डांबरी रस्ता आला, आणि रस्त्यावरच्या पाण्यात आभाळ दिसत होतं. चाचीने गाडी कडेला घेऊन थांबवली. मागच्या सगळ्या गाड्या भुर्रकन पुढे गेल्या. तिने एकालाही शिवी दिली नाही.

"चाची, शर्यत चाललीय," मी म्हणालो.

"चालू दे. तो ढग बघ. पाण्यात हलतोय."

पाचेक मिनिटं आम्ही दोघं तो ढग बघत बसलो. मग तिने पदर खोचला आणि सुटली. पहिल्या वळणावर दोन गाड्या दरीत घातल्या.

डिसेंबरात यासीन सुट्टीवर आला. आईने गेम शिकला याचं त्याला कौतुक वाटलं. तिला जिंकू देईन म्हणत खुर्ची ओढून बसला. आळीपाळीने खेळले. तीन वेळा हरला. कीबोर्ड खराब आहे म्हणाला, म्हणून चाचीने मला फोन करून नवा मागवला. मी नेऊन जोडून दिला. चौथ्यांदाही हरला, आणि जेवायला बसल्यावर भात नुसता चिवडत राहिला. चाचीने त्याच्या ताटात सुरमईची मोठी तुकडी वाढली आणि मला म्हणाली, "तूही बस रे. हा काही आता खाईल असं वाटत नाही."