लेखिकेचं नाव

पुण्यात मी स्पॅनिश शिकवायचे. नवऱ्याच्या व्हिसावर रॉटरडॅमला आले आणि ते सुटलं ते सुटलंच. सहा वर्षांनी हिय्या करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि लॅटिन अमेरिकी साहित्याचा डेटाबेस बघता येईल का, असं विचारलं. तिथल्या बाईंनी पाहुण्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडून दिला.

मी माझा जुना विषय टाइप केला. यादीत तिसरा लेख माझाच निघाला, पण तो उघडायची परवानगी नव्हती.

"हा मी लिहिलाय," मी बाईंना म्हणाले.

"मग ओळखपत्र दाखवा. लेखिकेला प्रत मागवून देता येते."

मी रेसिडेन्स कार्ड पुढे केलं आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सासूबाईंचं आणि माझं नाव एकच, म्हणून लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. पासपोर्टवरही मी तेच करून घेतलं, तेही हौसेनं. आडनाव तर बदललंच होतं.

बाईंनी कार्ड पाहिलं, मग स्क्रीन पाहिली. "या तुमच्या ओळखीच्या आहेत का?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा आला.

"होती ओळख," मी म्हणाले आणि कार्ड परत घेतलं.