समीरदादाच्या बदल्यात ओंकार

मंडळी, आज तुमचा कौल हवाय.

इथे सिंगापूरला क्लेमेंटीतला आमचा रविवारचा बेसबॉल संघ तुम्हाला माहीत आहे, सगळे मूळचे क्रिकेटवाले. मॅच संपत आली की दमलेल्या पिचरच्या जागी बॉल टाकायला समीरदादा यायचा. चाळिशी उलटलेली, खांदा दुखरा. गेल्या महिन्यात मी कॅप्टन म्हणून त्याला हौगांगच्या संघाला दिला आणि त्यांचा ओंकार घेतला. पुण्याहून शिकायला आलेला, नवखा, पण हात जबरदस्त. सौदा फायद्याचाच वाटला. दादा फक्त "बरं" म्हणाला.

आज त्यांच्याशीच मॅच होती. शेवटी पिचिंगला दादा, समोर ओंकार. ओंकारने लांब फटका मारला आणि क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच पळत सुटला.

"अरे, बॅट टाक आणि पळ!"

ओरडणारा दादाच होता.

आम्ही जिंकलो. नंतर दादा पाण्याची बाटली घेऊन नेहमीसारखा सरळ आमच्या बाकावर येऊन बसला. मग लक्षात आलं, तसा उठायला लागला.

"बसा ना दादा," असं म्हणाला तो ओंकार. मी सामान आवरत राहिलो.

आता दादाला परत मागायचं, तर कुठल्या तोंडाने मागू?