सदरहूंच्या खोलीतली दुसरी खाट

नोंदणी कचेरीच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून टेबल टाकणाऱ्या टायपिस्टला तोंडावर सगळे ‘सदरहूकाका’ म्हणत आणि पाठीमागे नुसतं ‘सदरहू’. हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. आयुष्यभर भाडेकरार टाइप करून त्यांची जीभच त्या वळणाची झाली होती. चहा गार आला की चहावाल्याला सुनवायचे, “सदरहू चहा यापुढे गरम देण्याचा आहे.” पोरांचा चेंडू खिडकीतून आत आला तर परत देताना म्हणायचे, “सदरहू चेंडू आहे त्या स्थितीत परत करत आहे, तक्रार चालणार नाही.” लग्न झालेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणत, मुलगी बघायला गेले असतील आणि आधी अटी वाचून दाखवल्या असतील. हे खोटं होतं, पण कुणाला खोटं वाटत नव्हतं.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, कराराचा नमुना मात्र तोच राहिला. ज्याच्या हाताखाली सदरहू शिकले, त्या म्हाताऱ्या टायपिस्टाने दिलेला. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसेपर्यंत अर्धं पान तयार असायचं. त्यातलं नववं कलम असं: ‘भाडेकरूने सदरहू जागेत अन्य कोणाही व्यक्तीस, मग ती नात्यातील असो वा नसो, रात्री मुक्कामास ठेवू नये. ठेवल्यास मालकास कोणतीही पूर्वसूचना न देता जागा रिकामी करून घेण्याचा हक्क राहील.’

ट्रंका रस्त्यावर आलेली माणसं सदरहूंच्या टेबलापाशी येऊन रडत. हा माणूस त्यांना पाणी द्यायचा आणि मनात म्हणायचा, आपण नीट वागायचं.

आणि नीट वागायचे. भाड्याची एक खोली, कोपऱ्यात मोरी, खिडकीपाशी टेबल, भिंतीला खाट. खालच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहायच्या. सदरहूंचं जगात एकच माणूस होतं, थोरली बहीण. ताई इस्पितळात आया होती. निवृत्त झाल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या वसतिगृहात राहायची, तिथे पुरुषाला पायरी चढायची बंदी. त्यामुळे दर रविवारी तीच यायची. भावाच्या शर्टांना बटणं लावायची, मोरी घासायची आणि बोलून बोलून त्याचं डोकं खायची. ऊन कललं की सदरहू घड्याळाकडे बघू लागत.

“कळलं रे,” ताई पिशवी उचलायची. “तुझं नववं कलम जागं झालं वाटतं. निघते.”

एका रविवारी ती हातगाडीवर घडीची लोखंडी खाट घालून आली. इस्पितळाने मोडीत काढलेली. सदरहूंचा चेहरा बघून म्हणाली, “घाबरू नकोस. खाट काही नात्यातली व्यक्ती नाही. दाराआड उभी राहील, मुक्काम करणार नाही.”

सदरहूंनी खरोखरच मनातल्या मनात कलम तपासलं. खाटेचा उल्लेख नव्हता. राहू दिली.

मग ताईचं पोटाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, काही दिवस रात्री कुणीतरी जवळ हवं. रिक्षातून ती थेट भावाकडे आली. त्याच्या खाटेच्या कडेवर बसली.

“टाके सुकेपर्यंत ठेवतोस का?”

सदरहू खिडकीतून खाली, मालकीणबाईंच्या अंगणाकडे बघू लागले.

“मालकीणबाईंना एकदा विचारून तर बघ.”

“विचारायचं कसं, ताई? विचारलं की शंका आली. मग रोज डोळ्यात तेल घालून बसतील. उद्या मलाच बाहेर काढलं तर तू कुठे, मी कुठे?”

“बरं,” ताई म्हणाली. “नको विचारूस.”

त्या दिवशी तिने कलमाची थट्टा केली नाही. सदरहूंनी तिला हाताला धरून जिना उतरवला, रिक्षात बसवलं, मांडीवर फळांची पिशवी ठेवली.

वसतिगृहात तिच्या खोलीतली सोबतीण रजेवर गावी गेली होती. ताई रात्री पाण्याला उठली आणि पडली. सकाळी झाडूवालीने दार ठोठावलं, तेव्हा ती गेल्याचं कळलं.

पुढे काही महिन्यांनी एक तरुण वकीलबाई एका भाडेकरूला घेऊन टेबलाशी आली. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, “काका, हे नववं काढा.”

“ते सगळ्यांच्या करारात असतं.”

“असतं, पण चालत नाही. जागा कुठल्या कारणाने काढून घेता येते ते राज्याच्या भाडेकायद्यात मोजून लिहिलंय, नातेवाइकाला मुक्कामाला ठेवणं त्यात नाही. सही केली असली तरी असं कलम नसल्यासारखंच. आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाला बाहेर काढता येत नाही.”

“हे कधीपासून?”

“जुना कायदा आहे, काका. मी शाळेत होते तेव्हाचा.”

ती शाळेत होती, म्हणजे सदरहूंनी खोली घेतली त्याच्याही आधीचा. त्यांनी कलम पुसलं. दहावं आपोआप वर सरकून नववं झालं. तिथे निदान एक रिकामी ओळ राहायला हवी होती, पण कॉम्प्युटरला तेवढं कळत नाही.

संध्याकाळी ते मालकीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. रागावले होते, पण राग काढायची सवय नव्हती.

“बाई, आपल्या करारातलं ते नववं कलम. मुक्कामाचं.”

“कसलं मुक्कामाचं?”

“कुणाला रात्री ठेवायचं नाही, असं.”

“मला काय विचारता? करार तुम्हीच टाइप करून आणलात. मी म्हटलं, यांचा रोजचा धंदा, यांना कळतं. चष्मासुद्धा न लावता सही केली मी.”

सदरहूंनी चौकट धरली.

“ताई राहिली असती तर...”

“तर मला बोलायला माणूस मिळालं असतं. दर रविवारी बिचाऱ्या घाईघाईने जिना उतरायच्या. मला वाटायचं, भावाबहिणीचं पटत नाही.”

वर येऊन त्यांनी दाराआडची खाट ओढून काढली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, गुडघा लावून उघडावी लागली. एवढ्याशा खोलीत ती मावणार नाही अशी त्यांची खात्री होती. टेबल आणि त्यांची खाट यांच्यामध्ये ती नेमकी बसली. कडेला चपला काढण्यापुरती जागाही उरली. केर काढता काढता ताईने कधीतरी वितीने माप घेऊन ठेवलं असणार.

दुसऱ्या दिवशी चहा गार आला. चहावाला हात पाठीशी बांधून सदरहूंचं भाषण ऐकायला थांबला, तर त्यांनी काही न बोलता तो पिऊन टाकला.

खाट अजून उघडीच आहे. येता-जाता गुडघ्याला लागते. ते पाय चोळतात आणि वळसा घालून मोरीकडे जातात.